माळवदाखालचा गारवा : जुन्या औरंगाबादच्या घरांविषयी

वैशाखातल्या दुपारी क्रांती चौकात उभे राहिले असता शहराच्या दोन काळांमधील अंतर अंगावर मोजता येते. एका अंगाला जालना रस्ता, उड्डाणपूल, काँक्रीटच्या आणि काचेच्या इमारती. दुसऱ्या अंगाला सिल्लेखान्यावरून पैठण गेटकडे आणि पुढे गुलमंडीकडे जाणारा जुना रस्ता. हा चौक एकेकाळी तटबंदीबाहेरची मोकळी जागा होता. येथल्या काळ्या चबुतऱ्यावर १८५७ च्या जूनमध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या बंडखोर शिपायांना मृत्युदंड देण्यात आला आणि त्याच स्मृतीतून चौकाला आजचे नाव मिळाले. तेथून चालत पंधरा-वीस मिनिटांत गुलमंडीच्या मागच्या एखाद्या बोळातील जुन्या वाड्यात शिरावे. दिंडीदरवाजा ओलांडून ओसरीवर टेकेपर्यंत डोळ्यांवरची झापड उतरते आणि घाम सुकू लागतो. पंखा नसला तरी तेथे बसवते. चौकातले ऊन आणि ओसरीवरचा गारवा एकाच तासातले असतात, हे पटायला थोडा वेळ लागतो.

असे वाडे आता थोडे उरले आहेत आणि जे उरले आहेत त्यांच्या मालकांसमोर एक प्रश्न हमखास उभा राहतो. घर राहण्याजोगे, म्हणजे उन्हाळ्यात सोसवेल असे करायचे, तर त्याचे जुनेपण टिकवायचे कसे? जगभर जुन्या घरांच्या जतनाची चर्चा याच पेचाभोवती फिरते. युरोपात प्रश्न थंडीचा आहे. तेथील जुन्या भिंतींना आतून ऊब धरणारे थर लावावेत, तर नक्षीदार कंगोरे आणि लाकडी तक्तपोशी झाकली जाते. न लावावेत, तर घर गारठते. आपल्याकडे प्रश्न उन्हाचा आहे, एवढाच फरक मानून आपण तोच पेच जसाच्या तसा उचलतो. परंतु औरंगाबादच्या (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगरच्या) जुन्या घरांचा इतिहास पाहिला, तर हा पेच येथे बराचसा उसना आहे असे दिसते. येथे जी जुनी वैशिष्ट्ये आपण शोभेची म्हणून जपू पाहतो, तीच मुळात उष्णता अडवण्याची साधने होती. घरातून ती वजा केली की उरते ते केवळ नक्षीकाम.

भाषाही याला दुजोरा देते. इंग्रजीतील 'इन्सुलेशन'साठी आपण 'उष्णतारोधन' हा शब्द घडवला. पाठ्यपुस्तकाबाहेर तो कोणी उच्चारत नाही. या क्रियेला जुना मराठी शब्द नाही, कारण ती घर बांधण्याहून वेगळी क्रियाच नव्हती. घर बांधून झाल्यावर त्यात गारवा भरायचा असतो, ही कल्पना जुन्या गवंड्याला समजली नसती.

१६१० मध्ये मलिक अंबरने खडकी या गावाच्या जागी आपली राजधानी वसवली, तेव्हापासूनचा या शहराचा इतिहास पाण्याच्या अंगाने सांगण्याची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. डोंगरउतारावरील भूजल जमिनीखालच्या नळमार्गाने शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही त्या काळातील असामान्य कामगिरी होती. मात्र या पाण्याचा एक उपयोग फारसा सांगितला जात नाही. पाणचक्की पाहायला गेलेला प्रत्येक जण बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यासमोरील लांबट हौद पाहतो. हौदाखाली काय आहे, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. हौदाचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. भक्कम खांबांवर तोललेल्या त्या छतावर सतत पाणी खेळत असते आणि कडक उन्हाळ्यात यात्रेकरू, फकीर त्या दालनाचा आसरा घेत. छतावर पडणारे ऊन पाण्याने झेलायचे, त्यातले काही बाष्पीभवनात खर्ची घालायचे आणि खाली माणसाला सावलीत बसवायचे, ही योजना अठराव्या शतकात येथे एका धर्मस्थळाच्या रचनेत सहज सामावलेली होती.

परंतु प्रत्येकाच्या घरावर हौद असू शकत नाही. सामान्य माणसाच्या घरावर माती होती. मराठवाड्याच्या घराची ओळख सांगायची तर ती माळवदाने सांगावी लागते. कोकणात कौलारू उतार, देशावर बऱ्याच ठिकाणी पत्रा किंवा कौल; मराठवाड्यात मात्र सपाट मातीचे छत. कोठे त्याला धाबे म्हणतात, कोठे माळवद. पावसाचे मान बेताचे, लाकूड मर्यादित आणि ऊन भरपूर, अशा प्रदेशाने शोधलेले हे उत्तर आहे. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचे दाट किलचन, त्यावर पाला, त्यावर चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढरी माती. चार खांबांमधल्या जागेला खण म्हणायचे आणि घराचा आकार खणांत सांगायचा. मध्ये एखादे सवणे ठेवायचे. त्यातून उजेड आत येई आणि चुलीचा धूर व वर चढलेली गरम हवा बाहेर जाई.

यातली पांढरी माती कोठून येई, हे साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत 'काळी' आणि 'पांढरी' अशी जोडी आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडून, पुन्हा उभी राहून, राख-चुना-माती मिसळून वस्तीखालची जमीन पांढुरकी, चिकट होत जाते. गावच्या पडक्या गढीची माती ही त्यातली उत्तम. तिच्यातून पाणी सहजी झिरपत नाही, म्हणून ती धाब्यावर जाई. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. ती छताला निरुपयोगी. म्हणजे माणूस पूर्वजांच्या पडलेल्या घरांची माती आपल्या डोक्यावर घेऊन राहत होता. यात कसलाही अलंकार नाही, ती बांधकामाची साधी रीत होती.

या छताखाली गारवा का वाटतो, याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल, कारण येथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. उष्णता अडवणे ही एक गोष्ट आणि उष्णता साठवून तिला उशीर लावणे ही दुसरी. कापूस, भुसा किंवा आजचा थर्माकोल उष्णता अडवतो, कारण त्यात हवा कोंडलेली असते. माती तेवढी अडवत नाही, परंतु ती प्रचंड उष्णता स्वतःत रिचवते. दीड-दोन फूट मातीतून दुपारचे ऊन खोलीपर्यंत पोहोचायला दहा-बारा तास किंवा त्याहून अधिक लागतात. चार-पाच इंचांच्या काँक्रीटच्या छतातून ते तीन-चार तासांत उतरते. औरंगाबादच्या उन्हाळ्यात दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि पहाटे तो पंचविशीपर्यंत खाली येतो. दिवस-रात्रीतील हे मोठे अंतर मातीच्या घराच्या पथ्यावर पडते. दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि रात्री माणसे आत नसतातच. ती माळवदावर अंथरूण टाकून झोपलेली असतात. घराची भौतिकी आणि घरातल्यांची दिनचर्या एकमेकांना धरून होती. काँक्रीटच्या घरात नेमक्या संध्याकाळी छत तापते आणि माणसे त्याच वेळी घरी येतात.

भिंतींचेही तसेच. दोन-अडीच फूट जाडीची भिंत होती म्हणून तिच्यात देवळ्या आणि कोनाडे कोरता आले, खिडकीच्या आत बसण्याजोगी जागा झाली, धान्य साठवायची बळदे भिंतीच्या पोटात मावली. आज हीच देवळी आपण नव्या भिंतीवर प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवतो. मधला चौक उघडा असे, कारण रात्रीची थंड हवा तेथे उतरून राही आणि सकाळी उशिरापर्यंत सोप्यांना पुरे. बाहेरच्या भिंतीला खिडक्या कमी आणि लहान, उजेड चौकातून. पडदा, सुरक्षितता, कुटुंबपद्धती ही त्याची सामाजिक कारणे खरीच आहेत, पण हवामानाचे कारण त्यांच्या तळाशी आहे.

श्रीमंतांच्या घरांत मातीची जागा चुना घेई. 'गच्ची' या आपल्या रोजच्या शब्दात 'गच' म्हणजे चुन्याचा गिलावा दडलेला आहे. विटांचे तुकडे आणि चुना कुटून केलेल्या छताला ते नाव मिळाले आणि पुढे चुना गेला तरी नाव राहिले. चुन्याची या शहरातील सर्वांत मोठी साक्ष म्हणजे बीबी का मकबरा. ताजमहालाशी तुलना करून त्याला हिणवण्याची प्रथा आहे. संगमरवर थोडा आणि बाकी गिलावा, हे त्याचे न्यून म्हणून सांगितले जाते. पण साडेतीनशेहून अधिक वर्षे उन्हापावसात उभा असलेला तो गिलावा येथल्या कारागिरांचे चुन्याचे ज्ञान केवढे होते हेही सांगतो. चुना घाणीत मळला जाई, भिजत ठेवला जाई, त्यात गूळ, बेलफळ, उडीद यांसारखे पदार्थ आणि तागासारखे तंतू पडत. असा गिलावा ओल आत कोंडून ठेवत नाही. भिंतीत शिरलेला ओलावा त्यातून बाहेर पडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच अडकते, मातीचा गाभा भिजत राहतो. ओली माती कोरड्या मातीपेक्षा उष्णता अधिक वाहते. म्हणजे 'मजबुती'साठी केलेल्या त्या एका दुरुस्तीत घराची ताकदही जाते आणि गारवाही.

या परंपरेची मुळे शहराच्या स्थापनेहून कितीतरी मागे जातात. २०१६ मध्ये पुरातत्त्व खात्यातील रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात एक निष्कर्ष मांडला. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तंतू व अवशेष आढळले होते. अजिंठ्याच्या गिलाव्यात असे अवशेष सापडलेले नाहीत आणि तेथे किडीने केलेली हानी मोठी आहे. वेरूळचा गिलावा टिकण्यामागे भांगेचा वाटा असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. वृत्तपत्रांनी यातून लगेच 'प्राचीन भारतातील हेम्पक्रीट' असा गाजावाजा केला. येथे थोडे सावध राहायला हवे. हेम्पक्रीट म्हणजे भांगेच्या खोडाचा भुगा आणि चुना यांची फूटभर जाडीची भिंत. ती आधुनिक काळात फ्रान्समध्ये १९८० च्या दशकात आकाराला आली आणि तीही जुन्या लाकडी चौकटीच्या घरांच्या दुरुस्तीच्या निमित्ताने. लेण्यातला पातळ गिलावा आणि ती भिंत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डोंगराच्या पोटातल्या लेण्याला उष्णतारोधनाची गरजही नव्हती. तरीही दोहोंमागचा विचार एक आहे: माती किंवा चुना यांना वनस्पतीच्या तंतूंची जोड द्यावी, म्हणजे थर तडकत नाही आणि दमटपणा सांभाळून घेतो. फ्रान्समधल्या कारागिरांना आपल्या जुन्या घरांसाठी जे नव्याने शोधावे लागले, त्याचे एक जुने रूप या शहरापासून तीस किलोमीटरवर भिंतीला लागलेले होते.

इथवर वाचून लेखाचा रोख स्मरणरंजनाकडे आहे असे कोणाला वाटेल. पण मराठवाड्याच्या माळवदाविषयी लिहिणाऱ्याला ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख टाळून पुढे जाता येत नाही. गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट. चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मेली. बहुतेक जण झोपेत होते आणि घरात होते. त्यांना मारणारी वस्तू म्हणजे त्यांचे घर होते. दगड-मातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि छतावरची माती त्यांच्यावर आली.

त्यानंतरच्या पाहण्यांतून जे पुढे आले, ते या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. माळवदाची माती पावसाळ्यापूर्वी दरवर्षी नवी टाकावी लागते. जुनी काढून नवी टाकण्यापेक्षा जुनीवरच नवी टाकणे सोपे. त्यामुळे आजोबांच्या काळात फूटभर असलेला थर नातवाच्या काळात दोन फूट किंवा त्याहून अधिक होई. प्रत्येक पिढीने गळती थांबवली आणि प्रत्येक पिढीने छत जड केले. भिंतींत दोष वेगळाच होता. जाड भिंत म्हणजे प्रत्यक्षात बाहेरचा आणि आतला असे दोन दगडी पदर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार लांब दगड पुष्कळ घरांत घातलेलेच नव्हते. धक्का बसताच पदर सुटून अलग झाले. याउलट जेथे खणांचा लाकडी सांगाडा चांगला सांधलेला आणि भिंतीवर विसंबून न राहणारा होता, तेथे भिंती ढासळूनही छत खांबांवर तरले, अशी उदाहरणे मिळाली. सांगायचे एवढेच की जुन्या पद्धतीचा पुरा आणि प्रामाणिक अवलंब जेथे होता, तेथे ती काही प्रमाणात वाचवू शकली. जेथे ती सवयीने, तिच्यातले महत्त्वाचे दुवे गाळून चालवली गेली, तेथे ती घातक झाली.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. इतर गावांत घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्यातल्या तांत्रिक सूचना आज पुन्हा वाचण्यासारख्या आहेत : छतावरची जादा माती उतरवा, उरलेल्या थरात पाणी अडवणारा कागद घाला, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरपे आधार द्या, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार बंधदगड बसवा, वरून पट्टा बांधा. म्हणजे माळवद टाकून द्या असे नव्हे. त्याचा गारवा राहू द्या, भार कमी करा. जुन्या घराचे रूप राखून त्याला राहण्याजोगे करण्याचा याहून विचारी आराखडा मराठी मुलखात क्वचितच झाला असेल. पण तो मुख्यतः कागदावर राहिला. अनेक कुटुंबांनी मिळालेले अनुदान जुन्या घरावर खर्च न करता शेजारी एक नवी पक्की खोली उभारली. त्यांना दोष देता येणार नाही. ज्या छताने शेजारचे कुटुंब गाडले, त्याच्याखाली 'तिरपे आधार लावले आहेत' एवढ्या भरवशावर कोण झोपेल? भीती आकडेमोडीहून जुनी असते. परंतु त्या नव्या खोल्या उन्हाळ्यात तापू लागल्या आणि पत्र्याच्या छताखाली दुपार काढणे अवघड झाले, हेही तितकेच खरे आहे. कित्येक घरी माणसे दिवसा जुन्या घरात आणि रात्री नव्या खोलीत अशी विभागली गेली.

औरंगाबाद शहराला या भूकंपात मोठी झळ बसली नाही, पण माळवदावरचा विश्वास येथेही गेला. त्याआधीच वारे बदलले होते. १९६० नंतर औद्योगिक वसाहती आल्या, सत्तरच्या दशकापासून सिडकोने नवे शहर वसवायला घेतले आणि काँक्रीटचे सपाट छत ही प्रतिष्ठेची खूण झाली. दिसायला ते माळवदासारखेच सपाट होते; त्यामुळे काही मोठा बदल होतो आहे हे चटकन कोणाला जाणवले नाही. रूप तेच राहिले, फक्त मधली दोन फूट माती नाहीशी झाली.

आता पुन्हा त्या गुलमंडीच्या वाड्याकडे यावे. त्याचे जतन करायचे म्हणजे काय करायचे? आज सर्रास होते ते असे: माळवद काढून काँक्रीटची लादी टाकतात, चौकावर पारदर्शक पत्रा घालतात, भिंतींना सिमेंट लावतात, तापलेल्या खोल्यांत वातानुकूलन बसवतात आणि त्याची थंड हवा टिकावी म्हणून तुळयांखाली खोटे छत लावून तुळया झाकतात. कोरीव दरवाजा आणि चार खांब मात्र पॉलिश करून ठेवतात. यालाच वारसाजतन म्हटले जाते. हा उपचार केवळ खर्चिक आहे असे नव्हे, तो चुकीच्या निदानावर उभा आहे. चौक झाकल्याने गरम हवा अडकते, काँक्रीट टाकल्याने छत तापते आणि मग जुने घर गैरसोयीचे असते असा निष्कर्ष काढला जातो.

याऐवजी किल्लारीनंतरच्या त्या सूचनांपासून आरंभ करता येईल. छतावरचा पिढ्यांचा भार जाणकाराकडून तपासून उतरवावा, सांधे बळकट करावेत, पाणी अडवणारा थर द्यावा आणि वर हलका, तंतुमिश्रित माती-चुन्याचा थर ठेवावा. वजन कमी केल्याने जो गारवा उणावेल, तो छताला पांढऱ्या चुन्याचा हात देऊन किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करून बराचसा भरून काढता येतो, कारण पांढरा पृष्ठभाग ऊन आत येण्याआधीच परतवतो. भिंतीला सिमेंट न लावता चुना लावावा. चौक उघडा राहू द्यावा. यात नवे विज्ञान आहे आणि जुने घरही आहे. एकाला दुसऱ्याआड लपवावे लागत नाही.

हे सारे गवंड्यांचे आणि वास्तुरचनाकारांचे काम. साहित्याच्या विद्यार्थ्याचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे काळ्या चबुतऱ्याच्या त्याच वर्षाची. त्या काळच्या मराठीत घराच्या अंगोपांगांचे जे शब्द सहज वावरत होते, त्यांतले किती आज आपल्या वर्गातल्या मुलांना कळतात? ग्रामीण कथा शिकवताना माळवद, सवणे, बळद, किलचन यांना तळटीप द्यावी लागते आणि तळटीपही बहुधा 'मातीचे छत', 'छतातील भोक' एवढ्यावर संपते. अर्थ सांगितला जातो, पण त्या शब्दाचे काम सांगितले जात नाही. सवण्यातून पडणारा कवडसा आपण प्रतिमा म्हणून शिकवतो. त्याच सवण्यातून घर श्वास घेत असे, हे शिकवत नाही. वस्तूचे काम विसरले की ती शोभेची होते, मग नकोशी होते. घरांच्या बाबतीत हे आपल्या डोळ्यांदेखत घडले आणि शब्दांच्या बाबतीतही तेच घडते आहे.

किल्लारीने एक गोष्ट शिकवली. परंपरा न समजता नुसती पुढे चालवली तर ती जड होत जाते आणि एके पहाटे अंगावर येते. न समजता टाकून दिली, तर दरवर्षीच्या वैशाखात तिची किंमत मोजावी लागते. क्रांती चौकातून गुलमंडीपर्यंतच्या त्या अंतरात आज दोन्ही चुकांचे पुरावे आहेत. एखादा जाणता मालक छतावरची जादा माती उतरवून, सवणे उघडे ठेवून, भिंतीला पुन्हा चुना लावताना दिसला, तर त्याच्या ओसरीवर घटकाभर बसावे आणि त्या घराच्या प्रत्येक भागाचे नाव विचारून घ्यावे. सांगणारी माणसे अजून आहेत.